बटणाची हाक

आमच्या घरात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. आई आणि बाबा, दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नाही. मी आणि दादा मात्र ऐकणारे. त्यामुळे घरातली हाक म्हणजे भिंतीवरचं बटण. खोलीच्या दारात उभं राहायचं, बटण खालीवर करायचं, आणि दिवा मिचकावला की ज्याची हाक असेल त्यानं मान वर करायची. बाबांना बोलवायचं तर दिवा एकदाच, पण चांगला लांब घालवायचा. ते आईचं ‘अहो’. आईसाठी दोन छोट्या मिचक्या, ते बाबांचं ‘अगं’. दादाला तीन. मला पाच, त्याही भराभर, कारण एकदोन मिचक्यांना मी लहानपणी भीक घालत नसे.

मी बस स्टँडवर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, हे दिवसभर माइकवर सांगत बसायचं. ज्यांनी माझा आवाज कधीच ऐकला नाही त्यांची मुलगी आवाजावर पोट भरते, आहे की नाही गंमत? तिथून आई-बाबांच्या घरी आले आणि डोकं फिरलेलं असलं की मी स्वयंपाकघरात उभी राहून मनसोक्त ओरडते. कुणाला काही त्रास नाही. दादा म्हणतो, एवढं तोंडाळ माणूस जन्माला घालायचं तर देवानं घर अगदी विचार करून निवडलं.

लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांकडे असंच असतं. मग एकदा मैत्रिणीकडे गेले. तिच्या आईनं आतल्या खोलीतून, न दिसता, नुसत्या आवाजानं तिला बोलावलं आणि मी तोंडात बोट घालून बघत राहिले. बाई इथे नाही आणि हाक इथे! आमच्याकडे तसं नव्हतं. ज्या खोलीत माणूस, त्याच खोलीच्या बटणापर्यंत आपण चालत जायचं, तेव्हा कुठे हाक.

तर आता आईला चालता येईना. न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण डॉक्टरांनी सांगितलं, चालायला बराच काळ लागेल, आणि लागला तर वॉकर कायमचा. आई पुढच्या खोलीत पलंगावर पडून. बाबांचा कारखाना परसाच्या पलीकडे. कारखाना म्हणजे काय, एक लांबट शेड, रंधा मारायचं बाक, एक मशीन आणि भिंतीला उलट्या टांगलेल्या खुर्च्या. बाबा खुर्च्या बनवतात. आयुष्यभर दुसरं काही बनवलं नाही, आणि दुसरं काही बनवायची इच्छाही नाही. आईला काही लागलं तर ती बाबांना बोलावणार कशी? मध्ये एक बोळ, एक स्वयंपाकघर आणि एक परस.

बाबांनी पहिल्यांदा बाकच आईच्या खोलीत आणून ठेवलं. चार दिवसांत आईला इतका खोकला लागला की लाकडाचा भुसा खोकून बाहेर पडेल असं वाटलं. मग दादानं मनगटावर बांधायचा पट्टा आणला, फोनवरून दाबलं की थरथरणारा. पण मशीन चालू असलं की बाबांचा अख्खा हातच थरथरत असतो, त्यात बिचाऱ्या पट्ट्याचं काय कळणार? शिवाय लाकूड चिकटवायचा सरस लागू नये म्हणून ते तो काढून खिळ्याला अडकवायचे. खिळा थरथरत बसायचा.

मी सरळ सांगून टाकलं, “दोघांनी माझ्याकडे चला. माझा फ्लॅट लहान आहे, पण डोळ्यांसमोर तरी असाल. कारखान्याला कुलूप लावू.”

बाबा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. आईचे हात मात्र कडाडले. पडल्या पडल्या इतक्या जोरात खुणा करत होती की पांघरूण खाली पडलं. “तुझ्या चौथ्या मजल्यावर हा माणूस खिडकीतून बाहेर बघत बसेल. आठ दिवसांत म्हातारा होईल. मी नाही येणार.”

“मग तू पडलीस तर?”

“पडले तर पडले.”

“वा! म्हणजे मी तिकडे माइकवर गाड्या मोजू की तुझ्या नावानं रडू?”

शेवटी दादानं मध्यस्थी केली. महिनाभराची मुदत मागितली. “तोवर आईला बाबांना बोलवता आलं, तर ते इथेच राहतील. नाही आलं, तर मीच टेम्पो आणतो.” आई कबूल झाली. बाबांनी आईकडे बघितलं आणि मान हलवली.

दादानं घरभर स्मार्ट दिवे लावले. फोनमधून चालणारे. आईच्या फोनवर खुर्चीचं चित्र टाकलं, त्यावर बोट ठेवलं की परसापलीकडे बाबांच्या बाकावरचा दिवा लांब विझून पुन्हा लागायचा. दादानं करून दाखवलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या खोलीत बोट आणि परसापलीकडे उजेड! बाबा तर दिव्याभोवती फेरी मारून आले, कुठे दोरी बांधलीय का बघायला.

अट एकच होती. भिंतीवरच्या बटणांना हात लावायचा नाही. बटण बंद झालं की दिव्याची वीज तुटते, वीज तुटली की दिवा मेला, मग फोननं कितीही बोंब मारली तरी त्याला पत्ता नाही. दादानं सगळ्या बटणांवर चिकटपट्ट्या लावल्या.

जित्याची खोड मेल्याशिवाय जाते का! बाबा जेवायला निघाले की हात आपोआप बटणावर. अख्खं आयुष्य ज्या हातानं निघताना दिवा घालवला त्या हाताला पट्टी काय अडवणार? दुपारपर्यंत पट्टी लोंबायला लागायची. आणि आई. तिच्या उशाशीच बटण. मी खोलीत पाठमोरी कपड्यांच्या घड्या घालत असले, तिला पाणी हवं असलं, की झाली बटणाची खालीवर. तिला दुसरं काय सुचणार? आम्ही “अगं ए” म्हणतो तसं ते.

पण त्याहूनही विचित्र एक प्रकार सुरू झाला. दिवे सगळं विसरायला लागले. दादा येऊन त्यांना पुन्हा फोनची ओळख करून द्यायचा, सगळं ठीक व्हायचं, आणि एकदोन दिवसांत आईच्या खोलीतला दिवा अनोळखी माणसासारखा वागायचा. मी गेले की स्वयंपाकघरातला सुद्धा. कारखान्यातलाही एकदा गेला, मी तिथे बाबांशी गप्पा मारून आले त्याच दिवशी. दादानं दिवे बदलले. नवेही विसरले. “या दिव्यांना विसराळूपणाचा रोग झालाय,” मी म्हटलं. दादा रडकुंडीला आला होता, त्याला हसू आलं नाही.

महिना संपत आला आणि ती दुपार उगवली. मी संध्याकाळी घरी पोचले तर आई ओल्या अंथरुणावर पडलेली. तिनं कितीतरी वेळ खुर्चीच्या चित्रावर बोट दाबलं होतं. कारखान्यातला दिवा आदल्या दिवशी पुन्हा सगळं विसरला होता आणि कुणालाच ते माहीत नव्हतं. बाबा पलीकडे खुर्चीला पॉलिश करत होते. चहाला आले तेव्हा त्यांना दिसलं. त्यांनी एकट्यानं तिला उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, मग तिचा हात धरून नुसते शेजारी बसून राहिले होते.

मी तिला पुसलं, कपडे बदलले, चादर बदलली. आणि सगळं करून झाल्यावर ओरडले. तोंडानंही आणि हातांनीही. “पुरे झालं! मुदत संपली. रविवारी टेम्पो.” आईनं डोळे मिटून घेतले. आमच्याकडे डोळे मिटणं म्हणजे तोंडावर दार लावून घेणं. पापण्यांखालून पाणी येत होतं. मला माझाच राग आला, पण मी शब्द मागे घेतला नाही. बाबा परसात गेले आणि अर्धवट पॉलिश झालेल्या खुर्चीपाशी पाठ करून उभे राहिले.

दादानं शेवटचा उपाय म्हणून एका वायरमन बाईला आणलं. चाळिशीची असेल. दातात चिकटपट्टी, कानामागे टेस्टर, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. माझं तिच्याशी आल्या आल्या पटलं नाही, कारण माझ्यापेक्षा जास्त बोलणारी बाई मला घरात चालत नाही.

तिनंही आधी दिव्यांनाच दोष दिला. “माल हलका आहे,” म्हणाली. मग वायरिंगला दिला. मग दादाला. फोनची आणि दिव्यांची पुन्हा ओळख करून दिली, आणि आईच्या पलंगाजवळ स्टुलावर चढून होल्डर तपासायला लागली. मी कपाटापाशी होते. आईला मला सांगायचं होतं की स्टूल डुगडुगतंय. तिनं उशाशेजारचं बटण हाणलं, माझी हाक. भराभर पाच.

दिवा लागला, आणि मग आपला आपण हळूहळू कमीजास्त व्हायला लागला.

“थांबा!” बाई इतक्या जोरात ओरडली की मी दचकले. “हात लावू नका कुणी! काय केलंत आजी आत्ता?”

“मला हाक मारली,” मी म्हटलं.

“हाक?”

मी समजावून सांगितलं. लांब एक म्हणजे बाबा, दोन म्हणजे आई, तीन म्हणजे दादा, पाच म्हणजे मी. बाई स्टुलावरून खाली उतरली आणि पलंगाच्या कडेला बसूनच हसायला लागली. चिकटपट्टी तोंडातून पडली. “अहो ताई, या दिव्यांना सगळं पुसून कोरं करायचं असेल ना, तर पाच वेळा वीज घालवून आणायची. ही त्याची खूण आहे, कंपनीनंच ठेवलेली. तुमचं नाव घेतलं की दिवा सगळं विसरतोय!”

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जिथे जिथे मला हाक मारली, तिथला तिथला दिवा कोरा. मी दादाकडे बघितलं, दादानं माझ्याकडे. आईला खुणांनी सांगितलं तेव्हा आधी तिचा विश्वासच बसेना, मग तिनं तोंडावर पदर घेतला आणि पलंग हलेपर्यंत हसली. ओलं अंथरूण झाल्यापासून पहिल्यांदाच हसली.

“मग आता हिला तीनच वेळा हाक मारू,” दादा म्हणाला.

“का म्हणून?” मी म्हटलं. “तीन तुझं आहे. माझं पाच आहे.”

बाई तोवर स्विचबोर्ड उघडायला लागली होती. “कुणाचं काही बदलायचं नाही,” ती म्हणाली. “आपण बटणाचं काम बदलू.”

मग तिनं जे केलं ते मी तिच्या पाठीशी उभी राहून बघितलं, आणि तिची बडबडही मला गोड लागायला लागली. दिव्याची वीज तिनं बटणातून काढून थेट दिव्याला जोडली. कायमची. बटणामागे काडेपेटीएवढी एक डबी बसवली आणि बटणाच्या तारा तिला दिल्या. “आता हे बटण वीज तोडत नाही,” ती म्हणाली. “नुसता निरोप देतं. आजींनी दाबलं की डबी सांगणार, दिवा ऐकणार. दिव्याची वीज कधी जाणारच नाही, त्यामुळे तो विसरणार नाही. पाच काय, पन्नास वेळा दाबा.”

तिनं बटण बंद केलं. दिवा विझला. मग तिनं स्टुलावर चढून होल्डरच्या तारेला टेस्टर लावला, तर टेस्टरचा लहानसा लाल दिवा लागला. “बघा. विझलाय, पण जागा आहे.”

मी त्या विझलेल्या दिव्याकडे बघत राहिले. आजवर बटण म्हणजे मला वाटायचं नुसती कात्री, इकडे तार तुटली की तिकडे अंधार. आता तीच ती पिवळी पडलेली बटणं, तसंच त्यांचं टक् टक्, आणि आत सगळं उलटं झालेलं. बाबांच्या हाताची खोड तशीच राहू दे, आईच्या बोटांची सवय तशीच राहू दे. कुणाला काही नवीन शिकायला नको. इतकं साधं आणि इतकं अचाट काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

बाईनं घरातल्या आणि कारखान्यातल्या सगळ्या बटणांमागे अशाच डब्या बसवल्या, आणि आईच्या उशाशी आणखी एक बटण लावलं. “हे कुठल्या दिव्याला सांगू?”

आईनं उत्तर द्यायला वेळ लावला नाही. हातानं रंधा मारल्याची खूण केली.

आम्ही कारखान्यात गेलो. मी आणि दादा भिंतीला टेकून उभे राहिलो. बाबांना मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. ते बाकावर वाकून खुर्चीचा पाय घासत होते. डोक्यावर दिवा.

दिवा गेला. लांब गेला. आला.

बाबांनी झटकन दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. दाराजवळच्या बटणापाशीही कुणी नव्हतं. त्यांनी आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी हात वर करून दाखवले, आम्ही नाही. ते पुन्हा दाराकडे बघायला लागले. फोनवर तर त्या ओल्या दुपारपासून कुणाचाच भरवसा उरला नव्हता, आणि एरवी त्यांच्या डोक्यावरचा दिवा जेव्हा जेव्हा मिचकावला तेव्हा दारात कुणीतरी उभं होतं. आज दार रिकामं होतं, परस रिकामं होतं, आणि तरी कुणीतरी त्यांना ‘अहो’ म्हटलं होतं.

दिवा पुन्हा लांब गेला आणि आला. बाबांच्या हातातला पाय खाली पडला. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि विचारलं, “ती?” मी मान हलवली. मला तेव्हा बोलता आलंच नसतं, बरं झालं आमच्याकडे हातांनी बोलतात.

बाबा परस ओलांडून गेले आणि आईच्या खोलीच्या दारात उभे राहिले. आईनं त्यांना बघितलं, बटणाकडे बघितलं, आणि पुन्हा त्यांना. ती हात उचलायलाच विसरली होती. दोघं नुसतीच एकमेकांकडे बघत होती. वायरमन बाईसुद्धा गप्प झाली, यावरून काय ते समजा.

पण मी एवढ्यानं विरघळणारी नव्हे. नव्याची नवलाई नऊ दिवस. “रविवारपर्यंत बघू,” मी म्हटलं, “टेम्पो सांगितलेला तसाच राहू दे. एकदा जरी चुकलं तरी निघायचं.” बाईनं जाता जाता कारखान्यातही तसंच एक बटण लावून दिलं, आईच्या दिव्याशी बोलणारं. मी रजा टाकली आणि पहाऱ्याला बसले. आईनं पाणी मागितलं, बाबा आले. कूस बदलायची होती, बाबा आले. एकदा वॉकर धरून उभं राहायचं होतं, बाबा आले. बाबा कारखान्यातून निघताना सवयीनं दिवा घालवायचे आणि दिवा विझूनही जागा राहायचा. काहीच चुकत नव्हतं, आणि मला ते कबूल करायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मला त्या दुपारच्या अंथरुणाची भीती होती, ती काही बटणानं जात नव्हती.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन कारखान्यात गेले. बाबा सरस लावत होते. डोक्यावरचा दिवा गेला, आणि आलाच नाही. मोजता येणार नाही इतका वेळ अंधार. मग आला, पुन्हा गेला. असा लांब ‘अहो’ मी कधी पाहिला नव्हता. बाबा सरसाचा ब्रश हातात घेऊनच पळाले. मी कप कुठे ठेवला मला आठवत नाही. परसातून धावताना माझ्या डोळ्यांसमोर आई जमिनीवर पडलेली.

आई उशीला टेकून बसली होती. केस विंचरलेले. चेहरा शांत.

“काय झालं?” बाबांनी विचारलं. ब्रशमधून सरस फरशीवर टपकत होता.

“काही नाही,” आई म्हणाली.

“दुखतंय?”

“नाही.”

“पाणी हवंय? उठायचंय?”

“काही नकोय. उगाच हाक मारली.”

माझा पारा चढला. “अगं, उगाच कुणी हाक मारतं का? आमचा जीव गेला असता! म्हणे उगाच...” आणि माझे हात हवेतच थांबले.

सगळेच मारतात. बस स्टँडवर दिवसभर माझ्या कानांवर तेच तर पडत असतं. “अहो!” “काय गं?” “काही नाही.” कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण माझ्या आईला आजवर कुणाला उगाच हाक मारताच आली नव्हती. हाक मारायची तर उठायचं, बोळ, स्वयंपाकघर, परस ओलांडायचं, दारात उभं राहायचं. एवढं चालून आलेलं माणूस “काही नाही” कसं म्हणेल? तिची प्रत्येक हाक कामाची होती, महिनाभर फोनवरून मारलेली सुद्धा. जेवायला चला, गिऱ्हाईक आलंय, पोर तापलंय. इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिलं ‘काही नाही’ होतं, आणि ते हाड मोडून पलंगावर पडल्यावर आलं होतं.

बाबा तिच्याकडे बघत उभे होते. “खरंच काही नाही?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“खरंच.”

बाबांनी ब्रश माझ्या हातात दिला, पलंगाच्या कडेला बसले आणि तिच्या कपाळावरची बट मागे सारली. सरसाचा हात, बट तिथेच चिकटली. आईनं त्यांना ढकललं, “जा, काम करा.” ते गेले. परस ओलांडून पलीकडे पोचायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ गेला असेल, आणि आईच्या डोक्यावरचा दिवा दोनदा मिचकावला. अगं.

आईनं वर बघितलं. तिचा चेहरा मी कुणाला सांगू शकणार नाही, माइक हातात दिला तरी नाही. ती दिव्याकडे बघत राहिली आणि काही केल्या उत्तराचं बटण दाबेना. वाट बघायला लावत होती त्यांना, बघा! मग सावकाश दाबलं. लांब.

मग तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. सरसाचा ब्रश धरून मी खोलीच्या मधोमध उभी. बाहेर रस्त्यावर दादाचा टेम्पो येऊन थांबल्याचा आवाज आला. तो मला एकटीलाच ऐकू आला.

“तू काहीतरी सांगायला आली होतीस ना?” आईनं विचारलं.

“काही नाही,” मी म्हटलं. “उगाच आले.”